वाऱ्याचा आकडा कसा वाचावा, थकलेले यंत्र कोठे द्यावे

सातारा/सांगली : पाटण तालुक्यातील पठारांवर आषाढात छत्री उघडी राहत नाही आणि जतच्या माळावर चैत्रातल्या दुपारी धुळीचे लोट उठतात. या दोन टोकांच्या मध्ये पसरलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत वारा हा केवळ गप्पांचा विषय नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर त्यापासून वीज तयार होते, तासगावच्या बागेत त्यावर फवारणीची वेळ ठरते, बेदाण्याच्या शेडवर त्यावर मालाची प्रत अवलंबून असते आणि वळवाच्या पावसात पत्र्याचे छप्पर राहणार की जाणार, हेही तोच ठरवतो.

गेल्या काही वर्षांत घरांच्या गच्चीवर आणि बागांच्या बांधावर लहान हवामान केंद्रे दिसू लागली आहेत. गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, दिशा दाखवणारा बाण, पावसाचे माप आणि घरात ठेवलेला छोटा पडदा असे त्याचे साधारण स्वरूप असते. यंत्र बसवताना उत्साह असतो; मात्र दोन प्रश्न सहसा मागे राहतात. पडद्यावर दिसणारा वाऱ्याचा आकडा नेमके काय सांगतो? आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर यंत्र थकले की त्याचे करायचे काय? हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. बिघडलेले यंत्र आधी खोटा आकडा देते आणि त्यानंतर घातक कचरा बनते. दोन्हींची जबाबदारी ते बसवणाऱ्यावरच येते.

वेग, दिशा आणि झोत

वाऱ्याचा वेग तीन एककांत सांगितला जातो. हवामानशास्त्रात व पवनऊर्जेच्या क्षेत्रात मीटर प्रतिसेकंद, नौकानयन व विमानोड्डाणात नॉट, तर सर्वसामान्यांसाठी किलोमीटर प्रतितास हे एकक वापरतात. १ मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर आणि १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. पडद्यावर '१०' हा आकडा दिसला, तर तो यांपैकी कोणत्या एककात आहे हे प्रथम पाहावे. ताशी १० किलोमीटर ही झुळूक असते; १० मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी ३६ किलोमीटरचा जोरदार वारा असतो.

दिशेबाबत नेहमी होणारा घोटाळा वेगळाच आहे. वारा ज्या दिशेकडून येतो, त्या दिशेचे नाव त्याला दिले जाते. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. अंशांत सांगायचे तर ९० म्हणजे पूर्व, १८० म्हणजे दक्षिण, २७० म्हणजे पश्चिम आणि ३६० म्हणजे उत्तर. यंत्र बसवताना त्याची खूण उत्तरेकडे करावी लागते. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाइतकाच फरक असल्याने साधे होकायंत्र या कामास पुरेसे आहे. नोंदींची सरासरी काढतानाही सावध राहावे. ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे दक्षिण. प्रत्यक्षात दोन्ही वेळा वारा उत्तरेचाच होता.

तिसरी बाब झोताची. वारा कधीच एकसारखा वाहत नाही. म्हणून ठरावीक काळाची सरासरी आणि त्या काळातील सर्वांत जोराचा झोत, अशा दोन नोंदी घेतल्या जातात. जागतिक हवामान संघटनेच्या प्रमाणानुसार सरासरी १० मिनिटांची, तर झोत ३ सेकंदांचा धरला जातो. चक्रीवादळांच्या वाऱ्यांसाठी भारतीय हवामान विभाग ३ मिनिटांची सरासरी वापरतो. त्यामुळे एकाच वादळाचे वेगवेगळे आकडे प्रसिद्ध झाले, तर त्यांतील एक खोटा असतोच असे नाही. मोजण्याचा कालावधी वेगळा असू शकतो. घरगुती यंत्रांपैकी अनेक यंत्रे काही सेकंदांच्या अंतराने नमुना घेतात. दोन नमुन्यांच्या मधला झोत अशा यंत्राच्या नोंदीतून निसटतो.

यंत्राविना वारा ओळखण्याची रीत

ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याची प्रतवारी तयार केली. ती मूळची समुद्रावरची. पुढे जमिनीवरील खुणांशी तिची सांगड घालण्यात आली. आजही यंत्राचा आकडा पडताळण्यासाठी ही रीत उपयोगी पडते. वेग किलोमीटर प्रतितासात दिला आहे.

१ पेक्षा कमी : धूर सरळ वर जातो.
१ ते ५ : धुरावरून दिशा कळते, चेहऱ्याला वारा जाणवत नाही.
६ ते ११ : चेहऱ्याला वारा जाणवतो, पाने सळसळतात.
१२ ते १९ : पाने व बारीक डहाळ्या सतत हलतात, हलके निशाण फडकते.
२० ते २८ : धूळ व कागद उडतात, लहान फांद्या हलतात.
२९ ते ३८ : पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागतात.
३९ ते ४९ : मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात, छत्री धरणे अवघड होते.
५० ते ६१ : संपूर्ण झाड हलते, वाऱ्याविरुद्ध चालणे जड जाते.
६२ ते ७४ : झाडांच्या डहाळ्या मोडतात.
७५ ते ८८ : कौले उडतात, इमारतींचे किरकोळ नुकसान होते.
८९ ते १०२ : झाडे उन्मळून पडतात.

याच्या वरच्या पायऱ्या जमिनीवर क्वचित अनुभवास येतात. अंगणातील आंब्याच्या मोठ्या फांद्या हलत असताना पडदा ताशी ८ किलोमीटर दाखवत असेल, तर चूक आंब्याची नव्हे, यंत्राची किंवा त्याच्या जागेची आहे.

वाट्यांचे गणित

वाट्यांचा वायुवेगमापक आयर्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ थॉमस रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये मांडला. त्यात चार वाट्या होत्या. कॅनडातील जॉन पॅटरसन यांनी १९२६ मध्ये तीन वाट्यांची रचना पुढे आणली आणि तीच आज सर्वत्र दिसते. वाटीची पोकळ बाजू वारा अधिक अडवते, फुगीर बाजू कमी अडवते; या फरकामुळे वाट्या एकाच दिशेने फिरत राहतात. घरगुती यंत्रात फिरत्या दांड्याला लहान चुंबक असते. प्रत्येक फेरीला ते आतील स्विच बंद-उघड करते. या स्पंदनांच्या मोजणीवरून वेग काढला जातो.

भारतात या मोजमापाला शिस्त लागली ती हवामान विभागामुळे. हा विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला आणि १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, तरी उपकरणांचे काम पुण्यात चालू राहिले. अन्ना मणी (१९१८-२००१) यांनी १९४८ पासून येथे काम करताना हवामान उपकरणे देशातच तयार व्हावीत, त्यांचे आराखडे प्रमाणित असावेत आणि प्रत्येक उपकरण तपासूनच बाहेर पडावे, असा आग्रह धरला. निवृत्तीनंतर देशातील पवनऊर्जेच्या सर्वेक्षणातही त्यांचा मोठा वाटा होता. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा अधिक घातक, हा त्यांच्या कामामागचा विचार घरगुती यंत्रालाही तितकाच लागू पडतो.

उंची बदलली की वारा बदलतो

जमिनीलगत झाडे, घरे, बांध यांच्या अडथळ्यामुळे वारा मंदावतो. वर जावे तसा तो वाढतो. म्हणून प्रमाणित नोंद मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर घेतली जाते. जवळच्या अडथळ्यापासून यंत्राचे अंतर त्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान १० पट असावे, असा नियम आहे. ६ मीटर उंचीच्या घराजवळ यंत्र बसवायचे, तर ते ६० मीटर दूर हवे. शहरात हे अशक्यप्राय असते. त्यामुळे गच्चीच्या कठड्याला बांधलेले यंत्र गावाचा वारा नव्हे, तर त्या कठड्याचा वारा मोजते.

सपाट व मोकळ्या जमिनीसाठी ढोबळ हिशेब असा, की उंची पाचपट झाली तर वेग सुमारे सव्वापट होतो. २ मीटर उंचीवर ताशी १२ किलोमीटर दिसत असेल, तर १० मीटरवर साधारण १५ किलोमीटर असावेत. हा हिशेब डोंगरकडा, दाट वस्ती किंवा बागेच्या आत लागू पडत नाही. मोबाइलवरील हवामानाचा आकडाही बहुधा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. तो काही किलोमीटरच्या चौकोनासाठी संगणकीय प्रतिमानाने काढलेला अंदाज असतो. त्याची आणि बांधावरच्या यंत्राची तंतोतंत तुलना करण्यात अर्थ नाही.

पठाराने शिकवलेला धडा

मोजमापातील लहान चूक किती महाग पडते, हे सातारा जिल्ह्यातील पवनऊर्जा प्रकल्पांवरून समजते. वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर या परिसरातील पठारांवर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यातील गुढे पाचगणी, कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगाव आणि जत परिसरात हे चित्र दिसते. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीचा कडा चढून माथ्यावर येताना वेग घेतात. पाटण तालुक्यातील सडावाघापूरचा प्रसिद्ध 'उलटा धबधबा' हे त्याचेच रूप. कड्यावरून कोसळणारे पाणी वारा पुन्हा वर उडवतो. जून ते सप्टेंबर हा या पठारांवरील वाऱ्याचा मुख्य हंगाम होय.

पवनचक्की उभारण्यापूर्वी त्या जागी मनोरा उभारून दीर्घकाळ वारा मोजला जातो. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, हे त्याचे कारण. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते. वेग ५ ऐवजी ६ मीटर प्रतिसेकंद असेल, तर ऊर्जा सुमारे ७३ टक्क्यांनी अधिक मिळते. मोजणाऱ्या यंत्राने वेग १० टक्के जास्त दाखवला, तर ऊर्जेचा अंदाज ३३ टक्क्यांनी फुगतो आणि त्यावर बेतलेला सगळा आर्थिक हिशेब कोसळतो. ५० मीटर उंचीवर प्रतिचौरस मीटर किमान २०० वॉट इतकी वार्षिक सरासरी ऊर्जा असलेली जागा प्रकल्पास योग्य, असा निकष देशात वापरला गेला. गच्चीवर लहान पवनचक्की बसवून विजेचे बिल वाचवू पाहणाऱ्यांनी हे गणित प्रथम पाहावे. घरगुती यंत्राच्या सहा महिन्यांच्या नोंदीवर असा खर्च करणे धोक्याचे आहे. आणि त्या नोंदी फक्त पावसाळ्यातल्या असतील तर अधिकच.

छपरांसाठी वेगळा हिशेब आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा ६० किलोमीटरचा झोत पत्र्यावर चौपट जोर लावतो. म्हणून छप्पर, शेडनेट, पॉलिहाउस यांच्यासाठी सरासरीपेक्षा झोताचा आकडा महत्त्वाचा ठरतो.

बाग, बेदाणा आणि विमा

सांगली जिल्ह्यातील द्राक्ष उत्पादकांना वाऱ्याचा आकडा रोज लागतो. फळछाटणीनंतरच्या काळात केवडा आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या कराव्या लागतात. वारा जास्त असेल, तर औषध शेजारच्या बागेत, विहिरीत किंवा फवारणाऱ्याच्याच अंगावर जाते. ताशी १५ किलोमीटरहून अधिक वाऱ्यात फवारणी टाळावी, हा सर्वसाधारण संकेत आहे. औषधाच्या वेष्टनावरील सूचना मात्र अंतिम मानाव्यात. वारा पूर्ण पडलेला असणेही चांगले नव्हे. पहाटेच्या निश्चल हवेत बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात आणि भलतीकडे सरकतात. म्हणजेच फवारणी करणाऱ्याला '०' आणि '२०' हे दोन्ही आकडे थांबण्याची सूचना देत असतात. यंत्र अडकून कायम शून्य दाखवत असेल, तर ही सूचनाच नाहीशी होते.

बेदाण्याचे गणित याच्या उलट आहे. डिपिंग ऑइल व पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षे शेडमधील जाळ्यांवर सावलीत वाळवली जातात. येथे कोरडा, वाहता वारा हवा असतो. आर्द्रता वाढली आणि वारा थांबला, की वाळवण लांबते आणि रंग बिघडतो. शेडची लांबी-रुंदी ठरवताना त्या हंगामातील वाऱ्याची नेहमीची दिशा माहीत असणे उपयोगाचे ठरते. त्यासाठी वर्ष-दोन वर्षांची दिशांची नोंद पुरेशी असते.

विम्याबाबत मात्र गैरसमज टाळावा. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत अधिकृत संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदी ग्राह्य धरल्या जातात. राज्यात 'महावेध' प्रकल्पांतर्गत २०१७ पासून महसूल मंडळ स्तरावर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. केळीसारख्या पिकाला वेगाच्या वाऱ्यापासून संरक्षण मिळते, ते या नोंदींच्या आधारे. बांधावरच्या खासगी यंत्राने ताशी ५० किलोमीटरचा झोत दाखवला, तरी केवळ त्यावरून भरपाई मिळत नाही. खासगी यंत्राचा उपयोग आपल्या निर्णयांसाठी आहे, दाव्याच्या पुराव्यासाठी नाही, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावे.

यंत्र थकल्याच्या खुणा

घरगुती वायुवेगमापक एकाएकी बंद पडत नाही. तो हळूहळू मंद होतो. पश्चिमेकडील दमट हवेत दांड्याचे बेअरिंग गंजते, पूर्वेकडील तालुक्यांत धूळ साचते. वाट्या जड फिरू लागतात आणि यंत्र वेग कमी दाखवू लागते. आकडा दिसत असतोच, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पुढील खुणा दिसल्या तर तपासणी करावी : पाने सळसळत असताना वाट्या स्थिर राहणे, बोटाने फिरवल्यावर लगेच थांबणे, खरखर आवाज येणे, बाण एकाच दिशेला अडकणे, उन्हाने वाट्या ठिसूळ होऊन तडा जाणे, किंवा मागील वर्षाच्या याच महिन्यापेक्षा सरासरी कारणाविना निम्म्यावर येणे.

प्रथम बॅटरी बदलावी, जोडण्या पुसाव्यात, कोळ्याचे जाळे व कीटकांची घरटी काढावीत. अनेक यंत्रांच्या वाट्या, बाण किंवा बाहेरील संच सुटे मिळतात. केवळ वाऱ्याचा भाग बिघडला असेल, तर तापमान, आर्द्रता व पाऊस मोजण्यासाठी उरलेले यंत्र वापरता येते. गावातील शाळेला प्रात्यक्षिकासाठी ते देता येईल. मात्र कोणता भाग चालत नाही, हे त्यावर स्पष्ट लिहून द्यावे. दुरुस्त होणारे यंत्र फेकणे हा कचऱ्यात केवळ भर घालण्याचा प्रकार आहे.

उतरवण्यापूर्वी

दुरुस्ती शक्य नसेल, तर यंत्र उतरवून ठेवावे. बंद पडलेले यंत्र खांबावर लटकत ठेवण्याने दोन धोके संभवतात : वादळात ते कोणाच्या तरी अंगावर पडू शकते, आणि ते इंटरनेटशी जोडलेले असेल तर खोटे आकडे पाठवत राहते. उतरवलेले यंत्र घरात चालू राहिले, तर 'वारा शून्य, तापमान २८ अंश' अशी बैठकीच्या खोलीची नोंद गावाच्या नावाने प्रसिद्ध होत राहते.

म्हणून आधी जुन्या नोंदी संगणकावर उतरवून घ्याव्यात. सोबत यंत्राची जागा, उंची, बसवल्याची तारीख आणि मध्यंतरी केलेले बदल लिहून ठेवावेत. या तपशिलाविना आकड्यांना किंमत उरत नाही. त्यानंतर ऑनलाइन खात्यातून केंद्र काढून टाकावे आणि पडद्याच्या संचातील वाय-फायचा पासवर्ड व जागेची माहिती पुसण्यासाठी यंत्र मूळ स्थितीत आणावे. हे न करता भंगारात दिलेल्या यंत्रासोबत घराच्या इंटरनेटची किल्लीही जाते.

खांब उतरवताना घाई करू नये. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर स्वतः खांब हलवू नये. वीज वितरण कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर गच्चीवर किंवा माळावर हे काम टाळावे. उघड्यावरच्या धातूच्या उंच खांबावर वीज पडण्याचा धोका असतो. ताणाच्या तारा व खुंट्या शेतात सोडू नयेत. उसात किंवा गवतात लपलेली तार माणसाला, बैलाला आणि ट्रॅक्टरला सारखीच धोकादायक असते.

सुटे भाग, वेगळी वाट

यंत्रात प्लास्टिक, धातू, तांब्याची तार, मुद्रित सर्किट, पडदा, कधी लहान सौरपट्टी आणि बॅटऱ्या असतात. बॅटऱ्या सर्वप्रथम काढाव्यात. पांढरी भुकटी जमलेली अल्कलाइन बॅटरी हातमोजे घालून काढावी; ही भुकटी त्वचेला व डोळ्यांना दाहक असते. लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, म्हणजे एकमेकींना लागून त्या पेट घेणार नाहीत. फुगलेली बॅटरी टोचू, दाबू किंवा तापवू नये. नाण्याच्या आकाराच्या बॅटऱ्या लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात. गिळल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

जुन्या घरांत काचेचा पाऱ्याचा तापमापक किंवा वायुदाबमापक असण्याची शक्यता असते. तो फोडू नये, मोरीत ओतू नये. पारा सांडलाच, तर मुलांना बाहेर न्यावे, पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात, झाडू न वापरता जाड कागदाने थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावेत आणि बाटलीवर 'पारा' असे लिहावे. जपानमधील मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला. भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. पारायुक्त तापमापक व वायुदाबमापक टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तरतूद त्यात आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बांधावर पाचट जाळताना त्यातच तारा व सर्किट टाकणे. प्लास्टिकचे वेष्टन जळताना विषारी वायू बाहेर पडतात आणि शिसे व इतर जड धातूंचा अंश राखेतून मातीत उतरतो. ज्या बागेच्या आरोग्यासाठी यंत्र आणले, त्याच बागेला त्याचा शेवट भोवतो.

कायदा काय सांगतो

देशातील ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये जाहीर झाले व २०१२ पासून लागू झाले. त्यांची जागा २०१६ च्या आणि पुढे २०२२ च्या नियमांनी घेतली. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आणि त्यांच्या कक्षेतील उपकरणांचे प्रकार २१ वरून १०६ झाले. उपकरण बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकण्यात आली असून, हे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी झालेल्या पुनर्चक्रणकर्त्यांकडूनच व्हावे, अशी रचना आहे. बॅटऱ्यांसाठी २०२२ मध्येच स्वतंत्र नियम झाले. बॅटरीवरील काट मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह हेच सांगते : ही नेहमीच्या कचऱ्यात नको.

व्यवहारात चार वाटा आहेत. पहिली, उत्पादक किंवा विक्रेत्याकडे परत देण्याची सोय आहे का, हे विचारणे. नवे यंत्र घेतानाच हा प्रश्न विचारावा. दुसरी, नोंदणीकृत संकलन केंद्र किंवा पुनर्चक्रणकर्ता; मंडळांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या याद्या असतात. तिसरी, सातारा नगरपालिका, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका किंवा आपल्या नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे ई-कचरा संकलनाची चौकशी. चौथी, सातारा व सांगली येथील महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयांकडून मार्गदर्शन. ग्रामीण भागात एका यंत्रासाठी शहर गाठणे परवडत नाही, ही अडचण खरी आहे. द्राक्ष उत्पादकांचे गट, सोसायट्या, शाळा यांनी वर्षातून एकदा गावाचा ई-कचरा एकत्र करून पाठवणे, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय ठरू शकतो. तोवर भाग कोरड्या जागी, पावसापासून दूर, बॅटऱ्या वेगळ्या करून ठेवावेत. भंगारवाल्याकडे केवळ धातूचा खांब द्यावा. सर्किट व बॅटऱ्या देऊ नयेत.

हाच प्रश्न मोठ्या आकारात पठारांवरही उभा आहे. पवनचक्कीचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षांचे धरले जाते. जुन्या, कमी क्षमतेच्या चक्क्यांच्या जागी नव्या बसवण्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये धोरण जाहीर केले. त्यांची काचतंतूंची पाती पुन्हा वापरात आणणे हे जगभरातील तंत्रज्ञांपुढचे कठीण काम आहे. त्या तुलनेत गच्चीवरचे यंत्र मूठभर असते. त्याची विल्हेवाट नीट लावणे प्रत्येकाच्या आवाक्यात आहे.

थोडक्यात

• आकड्यासोबत एकक, उंची आणि सरासरीचा कालावधी पाहावा.
• दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती बाजू.
• छपरासाठी झोत, विजेसाठी वर्षभराची सरासरी, फवारणीसाठी त्या क्षणाचा वारा महत्त्वाचा.
• महिन्यातून एकदा झाडांच्या हालचालीशी यंत्राचा आकडा पडताळावा.
• विमा दाव्यासाठी अधिकृत केंद्राचीच नोंद ग्राह्य.
• आधी दुरुस्ती, मग पुनर्वापर, शेवटी नोंदणीकृत पुनर्चक्रण.
• उतरवण्यापूर्वी नोंदी जपाव्यात, खाते बंद करावे, पासवर्ड पुसावा.
• बॅटरी व पारा वेगळे ठेवावेत. काहीही जाळू किंवा पुरू नये.